व्होल्टच्या पाठीमागचा व्होल्टा

माझा मावसभाऊ आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतो. मे महिन्यात तो आमच्याकडे आला होता तेव्हा त्याच्या वहीतलं एक पान मी सहज वाचत बसले. ११ किलोव्होल्ट म्हणजे किती व्होल्ट, ४५० मिलिव्होल्ट म्हणजे किती व्होल्ट, अशी दहा-बारा गणितं. प्रत्येक ओळीत व्होल्ट, व्होल्ट, व्होल्ट. आकड्यांपेक्षा माझं लक्ष त्या शब्दावरच खिळून राहिलं. आम्ही साहित्याची पोरं, शब्द दिसला की त्याचं मूळ गाव विचारणार! हा शब्द म्हणजे एका माणसाचं आडनाव, शेवटचा आ तेवढा गळालेला. या अंकासाठी बऱ्याच जणांनी कवी आणि संत निवडलेत. मी आलेस्सांद्रो व्होल्टाला निवडलं, आणि त्याच्याबरोबर आणखी एक माणूस आपोआप आला.

आधी ते वहीचं पान उरकून घेऊ, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे. मिली म्हणजे हजारावा भाग आणि किलो म्हणजे हजारपट. १ व्होल्टचे १००० मिलिव्होल्ट होतात, १००० व्होल्टचा १ किलोव्होल्ट. किलोव्होल्टचे थेट मिलिव्होल्ट करायचे असतील तर दोन पायऱ्या एकदम, म्हणजे दहा लाखांनी गुणायचं. रिमोटमधला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, म्हणजे १५०० मिलिव्होल्ट. भिंतीतला सॉकेट २३० व्होल्ट, म्हणजे ०.२३ किलोव्होल्ट. गल्लीच्या टोकाच्या ट्रान्सफॉर्मरकडे येणारी लाईन ११ किलोव्होल्टची, रेल्वेच्या डोक्यावरची तार २५ किलोव्होल्टची. मिलीच्या खाली मायक्रो, म्हणजे दहा लाखावा भाग. किलोच्या वर मेगा, म्हणजे दहा लाखपट. आपण हजारानंतर लाख, कोटी असं शंभराशंभरानं चढतो, ही पद्धत मात्र हजाराहजारानं चढते, म्हणून आपला स्वल्पविराम आणि तिचा स्वल्पविराम जुळत नाहीत. शिवाय रोमन लिपीत मिलीचा एम लहान आणि मेगाचा मोठा. तेवढी एक काना-मात्रा चुकली की उत्तर शंभर कोटी पटींनी चुकतं. शुद्धलेखनाचे मार्क का कापता म्हणून आपण सरांवर चिडतो, तेव्हा हे आठवावं.

आता माणूस. उत्तर इटलीत लोम्बार्डी प्रांतात कोमो नावाचं तळ्याकाठचं शहर आहे. तिथे १८ फेब्रुवारी १७४५ ला व्होल्टा जन्मला. घराणं खानदानी, पण पैसा सरत आलेला. वडील फिलिप्पो अकरा वर्षं जेसुइटांकडे नवशिके म्हणून राहिले आणि मग घरी परतून त्यांनी लग्न केलं. काका चर्चमध्ये, भावंडांतलीही बरीच चर्चमध्ये. हा पोरगा चार वर्षांचा होईपर्यंत बोललाच नाही. घरच्यांनी समजूत करून घेतली की हा मंदच. मग बोलायला लागला तो असा की सातव्या वर्षी बरोबरीच्या मुलांच्या पुढे गेला. त्याच सुमारास वडील वारले आणि शिक्षणाची जबाबदारी काकांवर आली.

जेसुइट शाळेत त्याची हुशारी फादरांच्या नजरेत भरली. त्याला संघात घ्यायचा त्यांचा विचार होता, पण काकांना तो वकील व्हायला हवा होता. त्यांनी त्याला त्या शाळेतून काढलंच. पोरगा फादरही झाला नाही आणि वकीलही नाही. जूल्यो चेझारे गात्तोनी नावाचा त्याचा मित्र पुढे कॅनन झाला. त्याच्याकडे पुस्तकं होती, उपकरणं होती, आणि बुरुजावर उभारलेला वीजवाहक होता. त्या बुरुजात व्होल्टा रमला. अठराव्या वर्षी तो पॅरिसच्या आबे नोले या नावाजलेल्या अभ्यासकाला विजेवर पत्रं पाठवू लागला होता. विद्यापीठाचं तोंड न बघता. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे या काळात त्यानं विज्ञानावर लॅटिनमध्ये एक दीर्घ कविता रचली. फिजिक्सवाल्यांनो, तुमचा माणूस आधी आमचा होता!

१७७४-७५ मध्ये त्याला कोमोच्याच शाळेत नोकरी मिळाली. १७७५ मध्ये त्यानं इलेक्ट्रोफोरस हे उपकरण सुधारून लोकप्रिय केलं. राळेची एक थाळी घासून घ्यायची, तिच्यावर धातूची तबकडी ठेवून उचलायची, की ठिणगी हजर. पुन्हा पुन्हा, थाळी न घासता. मूळ कल्पना स्वीडनच्या विल्केची, पण उपकरण चाललं व्होल्टाच्या नावानं. १७७६ मध्ये माज्जोरे तळ्याकाठच्या दलदलीत काठी ढवळून त्यानं वर आलेले बुडबुडे बाटलीत भरले. तो वायू म्हणजे मिथेन, आपल्या गोबर गॅसमधला. १७७८ च्या सुमारास पाव्हियाच्या विद्यापीठात तो प्रायोगिक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि जवळजवळ चाळीस वर्षं त्या पदाशी जोडलेला राहिला. स्वित्झर्लंड, पॅरिस, लंडन असा फिरलाही भरपूर.

या सगळ्यात त्याचं खरं काम वेगळंच चाललं होतं, आणि ते ठिणग्यांइतकं दिसायला भारी नव्हतं. वीज किती साठली आहे आणि ती किती जोर करते आहे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे त्यानं नीट ओळखलं. तांब्याभर पाणी परातीत ओतलं तर पातळी बोटभर, तेच एका अरुंद नळीत ओतलं तर हातभर उंच. पाणी तेवढंच, पातळी वेगळी. व्होल्टानं त्या जोराला ताण म्हटलं, इटालियनमध्ये तेन्सियोने. साठा म्हणजे भांड्याची धारकता गुणिले ताण, हे नातं त्यानंच पक्कं केलं. आपली पाठ्यपुस्तकं त्या ताणाला विभवांतर म्हणतात. घरात मात्र आपण व्होल्टेज डाऊन आहे म्हणतो, आणि शेताच्या मधून जाणाऱ्या मोठ्या तारांना हाय टेन्शनची लाईन. हे टेन्शन व्होल्टाच्याच शब्दाचं भावंड. खेड्यातला वायरमनसुद्धा ते रोज बोलतो, आणि पाठ्यपुस्तकातल्या शब्दापेक्षा ते मूळ कल्पनेच्या जास्त जवळ आहे असं मला वाटतं.

हा ताण मोजायला त्यानं गवताच्या दोन बारीक काड्या टांगलेलं एक उपकरण केलं. ताण वाढला की काड्या एकमेकींपासून लांब जातात, किती ते पट्टीवर वाचायचं. त्याचा आग्रह असा की पाव्हियात वाचलेले अंश आणि दुसऱ्या देशात कोणी वाचलेले अंश एकमेकांशी जुळले पाहिजेत. तुमचं उपकरण वेगळं, माझं वेगळं, पण आकडा बदलून घेता आला पाहिजे. मावसभावाच्या वहीतल्या पानाची सुरुवात मला इथे दिसते. अडचण एवढीच की अगदी बारीक ताणाला काड्या हलतच नसत. त्यावर त्यानं १७८२ च्या सुमारास युक्ती काढली. धातूच्या दोन तबकड्या, मधे रोगणाचा पातळ थर. तबकड्या जवळ असताना धारकता मोठी, म्हणजे परात. दुबळ्या उगमाला टेकवलं की तिच्यात पुष्कळ वीज भरते, ताण मात्र कमीच. मग उगम बाजूला करून वरची तबकडी उचलायची. वीज तेवढीच, भांडं एकदम अरुंद, आणि ताण कित्येक पट चढतो. काड्या फाकतात! न दिसणारं त्यानं गुणाकार करून डोळ्यांपुढे आणलं.

आणि आता बेडूक. बोलोन्यात लुईजी गाल्व्हानी नावाचा शरीरशास्त्राचा प्राध्यापक होता. व्होल्टापेक्षा आठेक वर्षांनी मोठा, शांत स्वभावाचा, फ्रान्सिस्कन तृतीय संघाचा सदस्य. सोललेल्या बेडकाच्या मज्जातंतूला सुरी लागलेली असताना जवळच्या यंत्रातून ठिणगी पडली, आणि मेलेला पाय झटकला गेला, हे त्यानं पाहिलं. नंतर असं दिसलं की यंत्र नसलं तरी चालतं. पितळी आकड्याला अडकवलेले पाय लोखंडी कठड्याला लागले तरी झटके येतात. त्यानं निष्कर्ष काढला की प्राण्याच्या अंगातच वीज आहे, आणि १७९१ मध्ये तसं छापलं. व्होल्टानं १७९२ मध्ये प्रयोग करून पाहिले आणि सुरुवातीला तो अगदी भारावून गेला. गाल्व्हानिझम हा शब्दही त्यानंच रूढ केला. पण त्याला एक गोष्ट खटकत राहिली. दोन वेगळे धातू असले की झटका जोरात बसायचा. त्यानं स्वतःच्या जिभेच्या टोकावर कथिलाचा वर्ख ठेवला, मागे चांदीचं नाणं ठेवलं, दोन्ही जोडले, आणि जिभेला आंबट चव आली. म्हणजे वीज दोन धातूंच्या जोडीतून येते, बेडूक हा फक्त फार नाजूक असा मापक आहे, असं त्याचं मत झालं.

वाद पेटला. १७९४ मध्ये गाल्व्हानीच्या बाजूनं उत्तर आलं: धातू अजिबात नको, नुसता मज्जातंतू स्नायूला टेकवला तरी पाय हलतो. १७९७ मध्ये तर एका पायाचा तंतू दुसऱ्या पायाच्या तंतूला टेकवून त्यानं ते दाखवलं. व्होल्टाला हे पटलं नाही. वेगवेगळे ओले पदार्थ एकमेकांना लागले तरी वीज निघू शकते, असं म्हणून त्यानं आपलं म्हणणं आणखी ताणलं. दोघेही श्रद्धाळू कॅथलिक, दोघांनी एकमेकांविषयी आदर सोडला नाही. पण इथे व्होल्टा समोरच्याचा पुरावा नीट ऐकून घेत नव्हता, असं वाचताना मला वाटत राहतं.

मधेच राजकारण आलं. नेपोलियनच्या फौजा उत्तर इटलीत उतरल्या आणि नवं सिसाल्पाईन गणराज्य उभं राहिलं. प्राध्यापकांनी त्याच्याशी निष्ठेची शपथ घ्यायची होती. गाल्व्हानीच्या धर्मबुद्धीला ती मानवली नाही. त्यानं नकार दिला, १७९८ मध्ये खुर्ची गेली, पगार गेला, आणि ४ डिसेंबर १७९८ ला वयाच्या ६१ व्या वर्षी तो वारला. व्होल्टाचं तसं नव्हतं. ऑस्ट्रियाचं राज्य असो की फ्रेंचांचं, तो सगळ्यांशी जुळवून घेत राहिला. त्याला बायको होती, तीन लहान मुलं होती. मारिआन्ना पारिस नावाच्या एका गायिकेवर त्याचा जीव होता, पण घरच्यांनी ते लग्न होऊ दिलं नाही, आणि १७९४ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यानं तेरेसा पेरेग्रीनीशी लग्न केलं होतं. उशिरा संसार मांडलेल्या माणसाला हट्ट परवडत नाही, हे मला कळतं. तरी गाल्व्हानीबद्दल वाचल्यावर व्होल्टाच्या पदकांकडे मला थोडं दुरूनच बघावंसं वाटतं.

१७९९ मध्ये ऑस्ट्रियन परत आले आणि पाव्हियाचं विद्यापीठ बंद झालं. व्होल्टा कोमोला घरी होता, शिकवायचं काम नव्हतं. त्या रिकामपणात त्यानं ती गोष्ट केली. धातूच्या एका जोडीचा ताण इतका कमी की तबकड्यांच्या त्या युक्तीशिवाय काड्या हलत नव्हत्या. मग जोडीवर जोडी का रचू नये? चांदीची चकती, वर जस्ताची, वर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. तीस, चाळीस, साठ जोड्या. भाकरीची चवड रचावी तशी. खाली एक ओला हात आणि वर दुसरा लावला की बोटांना झटका बसायचा. हात काढून परत लावला की परत झटका. ठिणगी पडून संपणारी वीज आजवर सगळ्यांनी पाहिली होती, ही वाहतच राहणारी वीज होती. त्यानं तारा स्वतःच्या कानातही घालून पाहिल्या. आधी डोक्यात दणका बसला, मग काहीतरी दाट उकळत असल्यासारखा आवाज येत राहिला. तो प्रयोग त्यानं पुढे वाढवला नाही, हे बरं केलं.

२० मार्च १८०० ला कोमोहून त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं. तेव्हा गाल्व्हानीला जाऊन पंधरा महिने झाले होते. पत्राचा पहिला भाग बँक्सनी काही जणांना दाखवला, आणि मे महिन्याच्या सुरुवातीलाच निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी चवड रचून पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. पत्र सोसायटीत अधिकृतपणे वाचलं गेलं २६ जूनला. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीनं अशाच चवडींच्या जोरावर सोडियम आणि पोटॅशियम हे धातू पहिल्यांदा बाहेर काढले. गंमत म्हणजे वीज धातूंच्या नुसत्या स्पर्शातून येते असं व्होल्टाला कायम वाटत राहिलं. पुठ्ठ्यातल्या खारट पाण्याची आणि जस्ताची रासायनिक क्रिया हे खरं इंजिन आहे, हे त्यानं मानलंच नाही.

पुढचं आयुष्य मानसन्मानाचं. नोव्हेंबर १८०१ मध्ये पॅरिसमध्ये नेपोलियनसमोर प्रयोग, सुवर्णपदक, मग सिनेटर, १८१० मध्ये काउंट. नेपोलियन पडल्यावर परत ऑस्ट्रियाचं राज्य आलं तर त्यांनीही पादुआच्या विद्यापीठात पद दिलं. १८१४ मध्ये अठरा वर्षांचा मुलगा फ्लामिन्यो गेला, ते दुःख मोठं होतं. त्याची श्रद्धा वरवरची आहे अशी कुजबुज होती, तेव्हा १८१५ मध्ये त्यानं एका कॅननला पत्र लिहून ती मनापासूनची असल्याचं सांगितलं. १८१९ मध्ये निवृत्त होऊन तो कोमोजवळच्या काम्नागोच्या घरी राहिला आणि ५ मार्च १८२७ ला वारला. त्याच दिवशी पॅरिसमध्ये लाप्लास गेला. ज्या गावात त्याला पुरलं ते आता काम्नागो व्होल्टा म्हणून ओळखलं जातं.

त्याचं नाव एककाला लागलं ते मेल्यावर कितीतरी वर्षांनी, आणि तेही आधी भलत्याच ठिकाणी. १८६१ मध्ये लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या तारायंत्रातल्या दोन इंजिनिअरांनी विजेच्या एककांना शास्त्रज्ञांची नावं द्यावीत असं सुचवलं, त्यात व्होल्ट होतं रोधाचं एकक! नंतर घोळ निस्तरला, आणि १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत व्होल्ट हे दाबाचं एकक म्हणून मान्य झालं. तेव्हाच्या सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीतलं मूळ एकक इतकं चिमुकलं होतं की त्याची १० कोटी मिळून एक व्होल्ट. हाच आकडा का? कारण मग तारायंत्रात सर्रास वापरला जाणारा डॅनियल सेल साधारण एक व्होल्टचा, नेमकं म्हणजे १.१ व्होल्टचा होतो. एक साधा सेल म्हणजे साधारण एक. म्हणून आजही धातूंची एखादी जोडी खाऱ्या पाण्यात ठेवून मोजली तर काटा एकाच्या आसपास घुटमळतो, आणि व्होल्टाच्या साठ जोड्यांची चवड काही डझन व्होल्टची भरते. एका जोडीला काड्या का हलत नव्हत्या, तेही कळतं. ठिणगी पाडणारी जुनी यंत्रं किलोव्होल्टमध्ये चालायची, आणि हा एक व्होल्ट शोधत होता.

१८८१ च्या त्या परिषदेत ओहम, अँपिअर, कूलोम आणि फॅरडे यांची नावंही एककांना लागली. गाल्व्हानीला एकक मिळालं नाही. त्याचं नाव आपल्या घरांवरच्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यात मात्र आहे. त्या पत्र्यावर मुलामा असतो जस्ताचा, म्हणजे व्होल्टाच्या चवडीतल्या धातूचा.

बेडकाच्या पायाचं काय झालं? गाल्व्हानीचं म्हणणं खरं निघालं. जिवंत पेशीच्या आत आणि बाहेर विजेच्या दाबात फरक असतो. १९३९ मध्ये हॉजकिन आणि हक्स्ली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूत बारीक तार घालून तो आतून मोजला. आपल्या मज्जातंतूत शांत असताना तो साधारण ७० मिलिव्होल्ट भरतो. व्होल्टमध्ये करायचं तर हजारानं भागा, ०.०७. धातूच्या एका जोडीच्या चौदाव्या-पंधराव्या हिश्श्याइतका. इतका बारीक ताण व्होल्टाच्या काड्यांना दिसणं अवघडच होतं, बेडकाच्या पायाला मात्र दिसत होता. दवाखान्यात ईसीजी काढतात तेव्हा कागदावर उभे दहा मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट धरतात. तो कागद गाल्व्हानीचा आणि त्यावरचं माप व्होल्टाचं.

बँक्सना लिहिलेल्या त्या पत्रात व्होल्टानं आपल्या चवडीची तुलना टॉर्पीडो या झटका देणाऱ्या माशाशी केली होती. आपल्याकडच्या पाकटाच्या जातकुळीतला हा मासा. त्याच्या अंगातल्या थरांसारखीच आपली रचना आहे, म्हणून तिला कृत्रिम विद्युत-अवयव म्हणावं, असं त्याला वाटत होतं. माशाच्या अंगात जे होतं ते गाल्व्हानीच्या बेडकाचंच मोठं रूप. चपट्या पेशी एकावर एक, हजारोंनी, प्रत्येकीचा दाब व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मोठ्या टॉर्पीडोचा झटका दोनशे व्होल्टपर्यंत जातो. एका पेशीचा दाब मिलिव्होल्टमध्ये लिहितात, अख्ख्या चवडीचा व्होल्टमध्ये.